अंधार रंगवणारा पेंटर

हॉरर पिक्चर म्हटला की आपल्या होस्टेलवर ठरलेली नावं निघतात. ‘एक्झॉर्सिस्ट’, ‘कॉन्ज्युरिंग’, रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’, रामगोपाल वर्माचा ‘भूत’, नंतरचा ‘तुंबाड’. कुणाला भुताचा चेहरा आठवतो, कुणाला दारामागचा हात. पण मित्रांनो, भूत यायच्या आधीची दोन मिनिटं आठवून पाहा. खरी भीती तिथेच असते. भूत एकदाचं दिसलं की उलट सुटका होते. कुणीतरी हसतं, कुणीतरी शिट्टी मारतं. ती आधीची दोन मिनिटं कोण तयार करतं? मेकअपवाला नाही. ती तयार करतात प्रकाश, कॅमेरा आणि आवाज.

हे तिन्ही म्हणजे आपल्याच ब्रँचचे विषय आहेत. प्रकाश इलेक्ट्रिकलवाल्यांचा, कॅमेरा मेकॅनिकलवाल्यांचा, आवाज इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. म्हणून या लेखात मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, तो भुताच्या सिनेमांसाठी मुळीच प्रसिद्ध नाही. पण त्याने कोल्हापुरात बसून स्वतःचा कॅमेरा तयार केला, आणि १९२५ साली, सिनेमाला आवाजच नव्हता त्या काळात, एक झोपडी, थोडासा उजेड आणि एक कुत्रं एवढ्यावर पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणला. त्याचं नाव बाबूराव पेंटर. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हिचकॉक आधी भेटतो आणि बाबूराव फार उशिरा. म्हणून तर हा लेख.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नावातच कारागिरी आहे. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत, स्वतःच्या हाताने शिकले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव हेही तसेच कलावंत. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे आणि पारशी-गुजराती नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात या दोघांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं.

नाटकाचा पडदा ही काय चीज आहे, हे जरा समजून घेऊ. तो असतो सपाट कापडाचा. पण लांब बसलेल्या प्रेक्षकाला त्यात राजवाडा दिसला पाहिजे, महालाचे खांब पुढे-मागे दिसले पाहिजेत, जंगल आत खोलवर गेलेलं वाटलं पाहिजे. हे रंगाने होत नाही, सावलीने होतं. उजेड कुठल्या बाजूने येतोय हे आधी ठरवायचं, मग प्रत्येक खांबाची दुसरी बाजू काळी करायची. म्हणजे पडदे रंगवणारा माणूस रोज हेच शिकत असतो, की कुठे उजेड द्यायचा यापेक्षा कुठे द्यायचा नाही हे जास्त महत्त्वाचं. पुढे सिनेमात याच शिक्षणाचा उपयोग झाला असं मला वाटतं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला आणि सिनेमे दाखवायला सुरुवात केली. धंदा हा एक भाग. पण रोज तीच फिल्म डोळ्यांसमोरून जात असेल, तर माणूस ती पाहून पाहून शिकतोच. आता स्वतः सिनेमा काढायचा असं ठरलं. पण त्यासाठी कॅमेरा पाहिजे, आणि परदेशी कॅमेऱ्याला पैसे कुठून आणायचे? तेव्हा आनंदराव कॅमेराच बनवायला बसले. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

इथे दुसरा कोणी असता तर परत पडदे रंगवायला गेला असता. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेतलं आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला.

आपल्याला वाचताना हे सोपं वाटतं. पण सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग पळत नाही. एक चौकट भिंगासमोर येऊन थांबते, शटर उघडतं, प्रकाश पडतो, शटर बंद होतं, एक आकडा फिल्मच्या भोकात अडकून पुढची चौकट खाली ओढतो, आणि पुन्हा सगळं थांबतं. त्या काळी हे साधारण सेकंदाला १६ वेळा होत असे. म्हणजे हाताने गोल फिरवलेल्या हँडलची सलग गती तोडून तिची थांबून-थांबून चालणारी गती करायची, आणि प्रत्येक चौकट अगदी त्याच जागी थांबवायची. केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावर चित्र नाचतं. सीएनसी नाही, कॅड नाही, सुटे भाग मागवायला दुकान नाही. आणि हँडल फिरवणाऱ्याने सेकंदाला दोन वेढे हा ताल न चुकता धरायचा. हात मंदावला तर पडद्यावरची माणसं धावू लागतात, आणि धावणारी माणसं पाहून लोक हसतात. त्यांना भीती वाटायला हवी असेल तर आधी चित्र स्थिर पाहिजे. हा पहिला धडा मेकॅनिकलचा आहे, कलेचा नंतर.

याच सुमाराला कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ सुरू झाली. पैशाची मदत गायिका तानीबाई कागलकरांनी केली. दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर अशी मंडळी भोवती जमली, आणि पुढे शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण पोरगाही आला. तोच पुढे व्ही. शांताराम झाला. या कंपनीत कामाची वाटणी नव्हती. आज रंग, उद्या सुतारकाम, परवा फिल्म धुणं. आपल्या वर्कशॉपसारखंच, फक्त इथे सबमिशन थिएटरात लोकांसमोर.

पहिला सिनेमा ‘सैरंध्री’, १९२० चा. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच वेळची. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कीचकवध. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब उभा केला, की थिएटरातली माणसं हादरली, आणि शेवटी तो काढून टाकावा लागला. भारतीय सिनेमात भीतीवर कात्री चालल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

आता जरा विचार करा. ‘सैरंध्री’त भीती कशाने वाटली? सगळं दाखवल्यामुळे. हा भीतीचा एक प्रकार झाला. त्यात धक्का असतो, किळस असते, आणि तो प्रसंग संपला की संपतो. दुसरा प्रकार न दाखवण्याचा. तो थिएटरातून घरी येतो आणि रात्री बाथरूमपर्यंत सोबत चालतो. बाबूराव पहिल्याकडून दुसऱ्याकडे पाच वर्षांत पोचले. मधला टप्पा होता ‘सिंहगड’.

‘सिंहगड’ १९२३ चा. तानाजी रात्रीच्या अंधारात गड चढतो, हे आपल्याला पाठच आहे. पण रात्र फिल्मवर घ्यायची कशी? तोपर्यंत शूटिंग म्हणजे ऊन. रात्र दाखवायची असेल तर दिवसा शूटिंग करून फिल्मला निळा रंग द्यायचा, आणि प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. बाबूरावांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडे तो प्रयोग नवाच होता. आणि कृत्रिम प्रकाश हातात आला की सगळंच बदलतं. सूर्य एकच, त्याला हलवता येत नाही. दिवा मात्र खाली ठेवता येतो, बाजूला ठेवता येतो, विझवता येतो. टॉर्च हनुवटीखाली धरून ज्युनिअर्सना घाबरवणाऱ्यांना हे माहीतच आहे. उजेड वरून येण्याची आपल्या डोळ्यांना जन्मापासून सवय असते. तो खालून आला की ओळखीचा चेहरासुद्धा परका होतो. ‘सिंहगड’ला गर्दी अशी उसळली की सरकारच्या महसूल खात्याचंही लक्ष तिकडे गेलं. करमणूक कर सुरू होण्याचं कारण म्हणून या गर्दीचं नाव आजही घेतात.

याच काळात जर्मनीत ‘कॅलिगारी’ (१९२०) आणि ‘नोस्फेरातू’ (१९२२) हे सिनेमे निघाले होते. तिथेही जिना चढणारी नुसती सावली दाखवून लोकांना घाबरवलं जात होतं. गंमत म्हणजे ‘कॅलिगारी’चे सेटही रंगवलेल्या पडद्यांचे होते, सावल्यासकट. म्हणजे तिकडेही भीतीच्या सिनेमात पेंटरांचा हात होताच. बाबूरावांची वाट मात्र उलटी होती. पडद्यांमधून आलेल्या या माणसाने सिनेमात पडदे नाकारले आणि खरेखुरे, खोली असलेले सेट बांधले. कारण खरा कोपरा असेल तरच त्यात खरा अंधार साचतो.

आणि मग १९२५, ‘सावकारी पाश’.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा सिनेमा. गोष्ट एका शेतकऱ्याची. सावकार खोट्या कागदाने त्याची जमीन गिळतो आणि शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाला होता शांताराम, आणि सावकार झुंजारराव पवार. सगळीकडे देव-दैत्य आणि राजे-महाराजे चालू असताना बाबूरावांनी कॅमेरा एका साध्या शेतकऱ्याकडे वळवला.

या सिनेमातला एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. मंद उजेडातली एक उदास झोपडी, आणि तिच्या जोडीला रडणारं कुत्रं.

मी हे वाचलं तेव्हा थांबलेच. सिनेमा मूक आहे. कुत्र्याचा आवाज नाही. तरी पाहणाऱ्याला तो वर्षानुवर्षं ऐकू येतो! कसं शक्य आहे?

आधी प्रकाश पाहू. त्या काळी सर्रास वापरात असलेली फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणजे चिमणीचा तांबूस-पिवळा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतो, पण या फिल्मला तो नसल्यातच जमा. खरी चिमणी लावून झोपडीचं शूटिंग केलं तर पडद्यावर मिट्ट काळोख. म्हणजे मंद उजेड दाखवायलासुद्धा जोरदार उजेड लागतो, आणि मग त्यातला बराचसा अडवावा लागतो. कॅमेऱ्याच्या भाषेत याला लो-की म्हणतात. एका बाजूने एक दिवा, दुसऱ्या बाजूची सावली भरून काढायला काहीच नाही. चौकटीचा मोठा भाग काळा राहतो, आणि त्या काळ्या भागात काय आहे ते प्रेक्षक स्वतःच्या मनाने भरतो. प्रत्येक जण स्वतःची भीती तिथे घालतो. म्हणून ती कुणालाच कमी पडत नाही.

आता आवाज. भुंकणारं कुत्रं म्हणजे चोर. रडणारं कुत्रं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. रात्री कुत्रं रडलं की आजी उठून त्याला हाकलायला लावते. तोंड वर करून, मान ताणून रडणारं कुत्रं नुसतं दिसलं तरी तो आवाज आपल्या कानात आधीपासून भरलेला असतो. बाबूरावांकडे माईक नव्हता, स्पीकर नव्हता. त्यांनी प्रेक्षकाच्या आठवणीतलाच आवाज वापरला. आणि झोपडीनंतर कुत्रं, कुत्र्यानंतर झोपडी, असं शेजारी ठेवलं की सांगावं लागत नाही, या घरात काहीतरी वाईट घडणार आहे, किंवा घडून गेलं आहे.

हॉररचा सगळा फॉर्म्युला इथे आला की नाही? फक्त भूत नाही. भुताच्या जागी एक कागद आहे, अंगठा उठवलेला.

बीड जिल्ह्यात राहून हे वाचताना वेगळंच वाटतं. दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोड कामगार निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. सातारा, सांगली, कर्नाटक, आणि बाबूरावांच्या कोल्हापूरपर्यंत ते जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, म्हणजे माणसांचं नावच हत्याराचं झालं. मागे गावात म्हातारी माणसं, काही पोरं आणि कुत्री राहतात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी अशा गावातून एसटी जाते तेव्हा खिडकीतून पाहा. दहा घरांत एक दिवा. ‘सावकारी पाश’मधली झोपडी कशी दिसत असेल, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

२०१७ च्या ‘लपाछपी’ या मराठी हॉररमध्ये विशाल फुरिया या दिग्दर्शकाने उसाचंच रान वापरलं आहे. ऊस माणसापेक्षा उंच, त्यामुळे क्षितिज नाही, दिशा नाही, भरदिवसा चार हातांपलीकडचं दिसत नाही, आणि पानांची सळसळ थांबत नाही. अंधार नसतानाही अंधाराचं काम होतं. उसाची भीती या जिल्ह्याने सिनेमाच्या किती आधीपासून पाहिली आहे!

पण पुन्हा १९२५ कडे. ‘सावकारी पाश’ चालला नाही. जाणकारांनी वाखाणला, पण पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांना एवढं खरं सोसलं नाही. मला वाटतं, भुताला घाबरायला पैसे देणारा माणूस सावकाराला घाबरायला पैसे देत नाही. तो फुकटच घाबरलेला असतो. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक सिनेमांकडे वळले.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर ‘प्रभात’ काढली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, आणि थोड्याच दिवसांत महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दरवाजे बंद झाले. गुरूचं घर असं मोडलं. विद्या मात्र मोडली नाही. १९३४ च्या प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये, शांतारामांच्या दिग्दर्शनात आणि धायबरांच्या कॅमेऱ्याने, राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकटा डोळा पडदाभर दिसला. चेहरा नाही, हात नाही, शस्त्र नाही. नुसता डोळा. तो शॉट आजही सिनेमाच्या वर्गात सांगितला जातो. कमी दाखवून जास्त घाबरवायचं, हे ज्या कंपनीत शिकले तिथलेच हे दोघे. पुढे प्रभातच्या पुण्यातल्या त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

आवाज आल्यावर भीतीला नवं हत्यार मिळालं. १९४९ च्या ‘महल’मधलं लताबाईंचं प्रसिद्ध गाणं ध्वनिमुद्रित करताना त्या माईकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या. गाणारी बाई दिसत नाही, पण ती येतेय हे कळतं. अंतर आवाजाने मोजलं. १९६० च्या ‘सायको’तल्या बाथरूमच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. बर्नार्ड हर्मनने व्हायोलिन किंचाळायला लावली आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. ‘जॉज’च्या (१९७५) वेळी यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. म्हणून शार्क कमी आणि संगीत जास्त, आणि सिनेमा त्यामुळेच जास्त भीतिदायक झाला. साधन तोकडं पडलं की डोकं चालतं. कोल्हापुरात हेच ५० वर्षं आधी घडलं होतं.

बाबूरावांनी नंतर बोलपटही काढले. १९३५ ला ‘उषा’, १९३६ ला शालिनी सिनेटोनसाठी पुन्हा ‘सावकारी पाश’, १९३७ ला ‘प्रतिभा’. १९४७ मध्ये शिष्याच्या, म्हणजे शांतारामांच्या ‘राजकमल’साठी ‘लोकशाहीर रामजोशी’. पण ‘सावकारी पाश’ म्हटलं की नाव निघतं ते मूकपटाचंच.  सिनेमाखेरीज चित्रं आणि शिल्पं चालूच होती. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ आज आपल्याला पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी आणि ठेवल्या जागी कुजणारी. आपले बहुतेक मूकपट असेच गेले. म्हणजे तो प्रसंग आता फक्त ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीतून आपल्यापर्यंत येतो. मुळात नसलेला आवाज, आता नसलेलं चित्र, आणि तरीही ती झोपडी आणि ते कुत्रं शिल्लक आहे!

जाता जाता मित्रांनो, एक प्रॅक्टिकल सुचवते. पुढच्या शनिवारी हॉरर लावाल तेव्हा एकच प्रसंग तीनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून. उजेड कुठून येतोय आणि चौकटीतला किती भाग काळा ठेवलाय ते मोजा. दुसऱ्यांदा डोळे मिटून. कुठे शांतता ठेवली आहे ते ऐका, कारण घाबरवण्याचं अर्धं काम शांततेचं असतं. तिसऱ्यांदा नेहमीसारखं. पहिल्या दोन वेळांपैकी एकदा जरी भीती वाटली तर सिनेमा चांगला. दोन्ही वेळा नाही वाटली तर नुसता मेकअप.

आणि आवाज बंद असताना भीती वाटलीच, तर ते गणित कोल्हापूरच्या एका मेस्त्रीने १९२५ मध्ये सोडवून ठेवलं होतं, एवढं ध्यानात असू द्या. त्याला घाबरवायला भूत लागलं नाही. जमीन जाणार म्हणून बसलेलं एक घर पुरलं.